मासेमारीलाही आणि सफरीलाही : मोठी होडी घेण्याआधी

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो. हातात वीस फुटांची फायबरची होडी आहे, मागे नऊ-दहा अश्वशक्तीचे पेट्रोलचे यंत्र आहे, आणि बाप व दोन मुलगे खाडीत नाहीतर मुखाबाहेर जाळी टाकून घर चालवतात. घरातला एक जण कुवेतहून किंवा दुबईहून कायमचा परत आला आहे, त्याच्याजवळ थोडी शिल्लक आहे. आता तीस फुटांची होडी घ्यावी असे घरात चालले आहे. हप्त्यातले चार-पाच दिवस मासेमारी, जुम्याच्या नमाजनंतर घरच्या मंडळींची सफर, आणि जमल्यास शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे पाहुणे फिरवून चार पैसे. तर कोणती होडी घ्यावी?

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात तीन होड्या एकमेकींत मिसळल्या आहेत : मासेमारीची होडी, घरची होडी आणि भाड्याची होडी. पहिल्या दोन थोडी तडजोड केली तर एका सांगाड्यात बसतात. तिसरी बसत नाही, आणि आपल्या माणसांचा पैसा बहुतेक तिथेच अडकतो. म्हणून तिसरीपासूनच सुरुवात करू.

मासेमारीची होडी मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंदवली जाते आणि १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली तिला परवाना मिळतो. हा परवाना मासे धरण्याचा आहे, भाडे घेऊन माणसे नेण्याचा नाही. खाडीत किंवा बंदराच्या हद्दीत प्रवासी न्यायचे तर मामला मेरिटाइम बोर्डाकडे जातो. अंतर्देशीय जलयानांचा जुना कायदा १९१७ चा होता, त्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली आहे. प्रवासी होडीची तपासणी होते, ती किती माणसांना चालेल हे ठरवून दिले जाते, प्रत्येक माणसामागे लाइफ जॅकेट लागते, चालवणाऱ्याकडे त्याचा दाखला लागतो. राजापुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या पर्यटकांना नेतात, त्या पाहून कोणाला वाटेल की आपलीही होडी तशीच लावू. पण तो वेगळा धंदा आहे, त्याची होडी वेगळी आणि कागदपत्रेही वेगळी.

ज्याला हे सारे करायचे आहे त्याने जरूर करावे, हलाल रोजी आहे. पण मासेमारीच्या परवान्यावर पाहुणे फिरवून दोन्हीकडून कमाई करू, हा हिशेब कच्चा आहे. अशा होडीला अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारील की मासेमारीच्या होडीवर भाड्याची माणसे काय करत होती. शिवाय मच्छीमार सोसायटीमार्फत डिझेलवरच्या कराचा जो परतावा मिळतो तो मासेमारीच्या डिझेलवर आहे. ते डिझेल सफरीत जाळून परतावा घेणे कायद्यातही बसत नाही आणि आपल्या दीनातही बसत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या हिशेबातून नेहमी सुटते. मासेमारी बंद असते तेव्हा पर्यटनावर भागवू, असे अनेकांनी लिहिले आहे. पण पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंद असते, आणि आपल्या किनाऱ्यावरची प्रवासी वाहतूकही साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद ठेवली जाते. म्हणजे दोन्ही धंदे एकाच मोसमात झोपतात. एक दुसऱ्याला आधार देत नाही. हप्ता मात्र बारा महिने चालू असतो.

तेव्हा भाड्याचा विचार सध्या बाजूला ठेवून होडी निवडू. मासेमारी हा धंदा, आणि घरच्यांची सफर ही सवड. त्यातही एक खबरदारी आहे. मासेमारीच्या होडीवर कोण आहे याची तपासणी तटरक्षक दल आणि सागरी पोलीस २००८ नंतर फार बारकाईने करतात. बायका-मुलांना घेऊन जायचे असेल तर आधी बंदरावरच्या परवाना अधिकाऱ्याला विचारून, सांगून जावे. आपली होडी आणि आपलीच मुले असली तरी तपासणी टळत नाही.

आता माप. वीस फुटांवरून तीस फुटांवर जाणे म्हणजे दीडपट होडी, असे माणसाला वाटते. ते खरे नाही. लांबी दीडपट झाली की रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढते, आणि दीड गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे जवळजवळ साडेतीनपट झाले. होडीचा बोजा, तिला लागणारे फायबर किंवा लाकूड, ओढून वर काढायला लागणारी माणसे, हे सारे लांबीच्या हिशेबाने वाढत नाही, या साडेतीनपटीच्या जवळपास वाढते. किंमतही त्याच मागे जाते. वीस फुटी होडी बाप-लेक आणि शेजारचे चौघे मिळून पुळणीवर ओढतात. तीस फुटी होडी ओढायला कप्पी-दोर लागतो, नाहीतर ती कायम पाण्यात नांगरून ठेवावी लागते. मग पावसाळ्यात ती कुठे ठेवणार, हा प्रश्न होडी पसंत करण्याच्या आधीचा आहे. ज्यांच्या मोहल्ल्याला जेटी नाही आणि खाडीत आसरा नाही त्यांनी पंचवीस-सव्वीस फुटांच्या वर जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेगाचाही असाच गैरसमज आहे. पाणी कापत चालणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. हिशेब असा : पाण्यातल्या लांबीचे फूट घ्यावेत, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे सागरी मैलांत ताशी वेग येतो. पंचवीस फुटांना पाच गुणिले १.३४, म्हणजे ६.७ मैल. छत्तीस फुटांना सहा गुणिले १.३४, म्हणजे आठ मैल. अकरा फूट वाढले आणि वेग सव्वा मैलाने वाढला. त्यापुढे यंत्र कितीही मोठे लावा, होडी स्वतःच्याच लाटेवर चढत राहते आणि इंधन नुसते धुरात जाते. शेजाऱ्याने चाळीस अश्वशक्तीचे लावले म्हणून आपणही लावावे, ही चुरस आम्ही बंदराबंदरांत पाहिली आहे. त्या वेगापेक्षा एक मैल कमी चालवले तर इंधनाची बचत डोळ्यांना दिसण्याइतकी होते, आणि मासळी काही तेवढ्यात पळून जात नाही.

इंजिनाचा विषय निघालाच आहे तर तोही संपवू. पेट्रोलचे दोन ठोक्यांचे बाहेरचे यंत्र पूर्ण जोरात चालवले की दहा अश्वशक्तीला तासाला साधारण चार ते पाच लिटर पेट्रोल पिते. आत बसवलेले डिझेल इंजिन तेवढ्याच कामाला अडीच लिटरच्या आसपास घेते. रोज सात-आठ तास चालवणाऱ्याला हा फरक वर्षभरात होडीच्या किमतीशी जाऊन भिडतो. म्हणून अठ्ठावीस-तीस फुटांच्या होडीला वीस ते तीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन, हे उत्तर बहुतेक जणांना लागू पडते. पण बाहेरच्या यंत्राचा एक गुण डिझेलमध्ये नाही. पाणी उथळ झाले की बाहेरचे यंत्र उचलता येते. आतल्या इंजिनाचा दांडा आणि पंखा होडीच्या पोटाखाली कायमचे असतात. वाळूवर टेकले की दांडा वाकतो, आणि तो वाकला की बंदरात पुढचा हप्ता जातो.

हे रत्नागिरीकरांना आम्ही सांगायला नको. भाट्ये खाडीच्या मुखाशी साचलेल्या गाळाने राजिवडा आणि कर्ला भागातल्या होडीवाल्यांना किती छळले आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. तिथे होडी बाहेर काढायची वेळ भरती ठरवते. जिची बूड तीन फूट पाण्यात बसते ती होडी ओहोटीला आत येऊ शकत नाही, आणि वारा वाढला असेल तर बाहेर थांबून राहणे म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा होडी पाहायला जाण्याआधी आपल्या खाडीच्या मुखावर उधाणाच्या ओहोटीला काठी बुडवून पाणी मोजावे. सर्वांत कमी जे माप येईल ते कागदावर लिहून खिशात ठेवावे. बांधणाऱ्याने कितीही तारीफ केली तरी त्या मापापेक्षा खोल बसणारी होडी घेऊ नये. वरवर चपटी बूड उथळ पाण्याला बरी, पण समोरून लाट आली की ती आपटते, आणि आपटणाऱ्या होडीत म्हातारी माणसे बसू शकत नाहीत. मधला मार्ग म्हणजे नाळेकडे धारदार आणि मागे येता येता सपाट होत जाणारी बूड. आपल्या कोकणच्या बांधणाऱ्यांना ती चांगली साधते.

आता घरची मंडळी होडीत बसवू. इथे मासेमारीची गरज आणि सफरीची गरज समोरासमोर येतात. जाळे ओढायला होडीचा काठ बुटका हवा, नाहीतर दिवसभर वाकून कंबर जाते. लहान मुले बसवायची तर काठ उंच हवा. जाळ्याला मधली जागा मोकळी लागते, एखादा खिळादेखील वर आलेला चालत नाही. बायका-मुलांना बसायला फळ्या लागतात, सावली लागते, धरायला कठडा लागतो.

यावर आमचा तोडगा असा आहे की होडी मासेमारीचीच घ्यावी, आणि सफरीची सोय काढता-घालता येईल अशी करावी. ज्या बाजूने जाळे ओढले जाते तिथला काठ कामाच्या उंचीचा ठेवून त्यावर नळीचा सुटा कठडा बसवता येतो. सफरीच्या दिवशी तो घालावा, एरवी घरात ठेवावा. बसायच्या फळ्या खाचेत सरकवायच्या असाव्यात. सावलीला ताडपत्री आणि चार सुट्या काठ्या पुरतात. बर्फाची पेटी वेगळी, झाकणाची आणि उचलता येण्यासारखी असावी. आपल्या हवेत एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरावा लागतो, त्यामुळे पेटीचे माप मासळीच्या दुप्पट असते हे विसरू नये. हीच पेटी स्वच्छ धुतली की सफरीला बाकाच्या कामी येते. आणि ज्या घरच्या मंडळींमध्ये बायका असतील त्यांच्यासाठी मागच्या कोपऱ्यात पडदा लावून आडोशाची सोय जरूर करावी. पुरुष मंडळी ही गोष्ट विचारात घेत नाहीत, आणि मग आमच्या भगिनी चार तास पाणी न पिता बसून राहतात.

पक्के छप्पर आणि त्यावर बसायची जागा मात्र मुळीच करू नये. होडी उलटण्याचे कारण बहुधा वरचे ओझे असते. ओझे जितके वर, तितकी होडी कलल्यावर परत उभी राहायला कचरते. त्यात माणसे हे असे ओझे आहे की ते एका जागी बसत नाही.

हे आम्ही पुस्तकातले सांगत नाही. काही वर्षांमागे ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नातलगांच्या होडीतून हर्णैच्या बाजूला गेलो होतो. होडी सत्तावीस फुटांची, माणसे मुलांसह चौदा, समुद्र अगदी ताटासारखा. कोणी तरी ओरडले, डॉल्फिन! सारीच्या सारी मंडळी एका काठाला धावली. होडी कलली आणि काठावरून पाणी आत आले, घोट्याएवढे. तेवढ्या पाण्याचे काय, असे वाटेल. पण आत शिरलेले पाणी होडी कलेल त्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. तांडेलाने आवाज चढवून मुलांना तळाशी बसवले आणि दोघांना दुसऱ्या काठाला ढकलले म्हणून निभावले. लाइफ जॅकेट होती सहा, आणि ती नाळेतल्या खणात जाळ्याखाली दाबलेली. त्या दिवसापासून आम्ही होडी पाहायला गेलो की इंजिनाआधी जॅकेटची जागा विचारतो.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, तोही किनारा जवळ असताना. मेच्या शेवटच्या हप्त्यातला समुद्र हा एप्रिलचा समुद्र नव्हे. आखातातून सुट्टीवर येणारी आपली माणसे नेमकी याच दिवसांत येतात, आणि सफरीचा आग्रहही तेव्हाच होतो. नाखव्याने अशा वेळी पाहुण्यांना नाराज करावे.

जॅकेट माणसागणिक असावे आणि मुलांच्या मापाचे वेगळे असावे. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते, ते नसल्यासारखेच. व्ही.एच.एफ. संच असेल तर १६ क्रमांकाची वाहिनी, आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने मासेमारी होड्यांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवण्याची योजना सुरू केली. तुमच्या होडीला त्यात यंत्र मिळू शकते का ते सोसायटीत विचारावे.

लाकूड की फायबर, यावर बंदरात वाद कधी संपणार नाही. सागाची नीट राखलेली होडी पिढीभर चालते आणि लाटेवर बसते छान. पण साग महाग झाला, सुतार कमी राहिले, आणि पाण्याखालचे लाकूड पोखरणारा किडा दरसाल रंग-तेलाचा खर्च मागतो. फायबरला किडा लागत नाही. त्याचा दोष निराळा : वरून चकचकीत होडी आत पोकळ असू शकते. जुनी फायबरची होडी घेताना लाकडी हातोडीने हलके ठोकत पुढून मागे जावे. आवाज टणक येत राहिला तर ठीक, एकाएकी भदभद आला तर तिथे थर सुटले आहेत. बाहेरचे यंत्र टांगतात त्या मागच्या फळीच्या आत बहुधा प्लायवूड असते. तिथे पाणी मुरले असेल तर यंत्र धरून हलवल्यावर फळी वाकते. नवी बांधून घेत असाल तर दोन्ही बाजूंच्या बंद खणांत फोम भरून घ्यावा. एक लिटर फोम पाण्याखाली गेला की जवळजवळ एक किलो वजन उचलून धरतो. इंजिनाचे वजन माहीत असेल तर किती फोम हवा हे घरच्या घरी काढता येते. बुडालेली होडी तरंगती राहिली तर तिला धरून माणसे तासन्‌तास राहू शकतात.

जुन्या होडीच्या कागदांत नोंदणी, परवाना, इंजिनाचा क्रमांक आणि बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, या चार गोष्टी स्वतः डोळ्यांनी पाहाव्यात. नवी बांधायची तर बयाणा देण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन कोणत्या प्रकारच्या मासेमारीला परवाना मिळेल ते विचारावे. २०१६ पासून पर्ससीन जाळ्यांवर राज्यात निर्बंध आहेत आणि प्रखर एल.ई.डी. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरंगते जाळे आणि गरी यांवर चालणाऱ्या होडीला त्यातल्या त्यात कमी कटकट असते, आणि सफरीला तीच होडी सोयीची, कारण तिच्यावर जड सामान नसते.

राहिला पैसा. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून लागू झाली आहे, सरकारी योजनाही आहेत, पण बँकेचे कर्ज व्याजाचे असते आणि आमचे बरेच वाचक त्यापासून दूर राहू इच्छितात. त्यांच्यासाठी आपल्या किनाऱ्याची जुनी रीत आहेच : वाट्याची होडी. डिझेल, बर्फ आणि भाकरीचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेत होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचे वाटे. शरीयतमधली भागीदारी याहून फार निराळी नाही. दोघांनी भांडवल घातले तर नफा ठरवाल त्या प्रमाणात वाटता येतो, तोटा मात्र ज्याचे जितके भांडवल त्या प्रमाणातच बसतो. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असेल तर पैशाचा तोटा भांडवलवाल्याचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया गेली हाच त्याचा तोटा, अर्थात त्याने हयगय केली नसेल तर. आखातातून आलेल्या भावाने पैसा घालायचा, इथल्या भावाने होडी चालवायची आणि दरमहा ठराविक रक्कम भावाला द्यायचीच, असा करार अनेक घरांत होतो. तो भागीदारीचा राहत नाही, नाव बदललेले व्याजच होते. मासळी मिळाली तर वाटा, नाही मिळाली तर नाही, असा करार हवा.

आणि तो कागदावर हवा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे, तरी सख्ख्या भावांमध्ये कागद करायला आपल्याला लाज वाटते. इंजिन उघडायची वेळ आली तर खर्च कोणाच्या वाट्यातून, बंदीच्या दोन महिन्यांत राखणावळ कोणाची, एकाला बाहेर पडायचे झाले तर होडीची किंमत कोण ठरवणार, आणि सफरीला लागणारे डिझेल कोणाच्या नावावर, एवढे चार मुद्दे तरी लिहावेत. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. पण भावाभावांतली तक्रार बहुधा याच डिझेलवरून सुरू होते, हे आम्ही ऐकलेल्या भांडणांवरून सांगतो. जकातीचे विचाराल तर होडी हे रोजीचे अवजार आहे, तिच्या किमतीवर जकात नाही. कमाईतून निसाबाइतके शिल्लक राहून वर्ष झाले तर त्यावर आहे. होडी विकण्यासाठीच घेतली असेल तर ती व्यापाराचा माल झाली, तिची गोष्ट वेगळी. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे.

पसंत पडलेली होडी बयाण्याआधी दोनदा चालवून पाहावी. एकदा जाळे घेऊन, मुलग्यांसह, पहाटेच्या काळोखात. दुसऱ्यांदा दुपारी तीनच्या सुमारास, पश्चिमेचा वारा सुटलेला असताना, घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला आणि सर्वांत लहान मुलाला घेऊन, फक्त खाडीच्या मुखापर्यंत आणि परत. मालक दुसऱ्या फेरीला कां कूं करील. तेव्हा डिझेलचे पैसे आपण द्यावेत.